वाचकांचे प्रश्न : तासभर सायकलचे ७७ आणि चाळीस मिनिटं पोहण्याचे फक्त ४५?

गेल्या अंकात हार्ट रेट झोनबद्दल चार ओळी काय लिहिल्या, ट्रेनिंग लोडवरच्या (म्हणजे व्यायामाचा शरीरावर किती भार पडला ते सांगणाऱ्या आकड्यावरच्या) प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. सगळ्यांचं दुखणं साधारण एकच आहे, घड्याळ रोज एक आकडा देतं आणि तो आकडा अंगाला पटत नाही. म्हणून यावेळी सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय, प्रश्न लांबलचक होते ते थोडक्यात केलेत, राग मानू नका.

प्रश्न : मी पळतो, सायकल चालवतो आणि पोहतो. तासभर सायकल मारली की ॲप ७७ लोड दाखवतं आणि मला काही झाल्यासारखंसुद्धा वाटत नाही. चाळीस मिनिटं पोहलो की दिवसभर डोळे मिटतात, आणि ॲप म्हणतं ४५. खोटं कोण बोलतंय, मी की ॲप?

दोघंही खरं बोलताय, पण ॲपला अर्धीच गोष्ट माहितीय. आधी तो आकडा येतो कुठून ते बघू, मग कुठे गंडलंय ते आपोआप कळेल.

यातली मूळ कल्पना कॅनडातले संशोधक एरिक बॅनिस्टर यांची, १९७० च्या दशकातली. त्या मापाला ट्रिम्प (ट्रेनिंग इम्पल्सचं लघुरूप) म्हणतात. हिशोब असा, की तुमची कमाल नाडी आणि विश्रांतीची नाडी यांच्यामध्ये जेवढी जागा आहे (हिला राखीव नाडी म्हणू, कार्व्होनेन नावाच्या फिनलंडच्या संशोधकाने १९५७ मध्ये हा विचार मांडला होता) त्यातली किती जागा तुम्ही व्यायामात वापरली ते काढायचं, त्याला मिनिटांनी गुणायचं, आणि मग वरून आणखी एका वाढत जाणाऱ्या आकड्याने गुणायचं. हा शेवटचा गुणक महत्त्वाचा. नाडी वर चढत जाते तसा तो सरळ रेषेत न वाढता उसळी मारत वाढतो, कारण रक्तातलं लॅक्टेटही (जोराच्या व्यायामात स्नायूंत तयार होणारा पदार्थ) तसंच वाढतं. म्हणजे निवांत दहा मिनिटं आणि जीव काढून दहा मिनिटं यांची किंमत सारखी धरत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता तुमचे आकडे. विश्रांतीची नाडी ६०, कमाल १९०, सायकलवर सरासरी १४०, पाण्यात १३५. म्हणजे मधली जागा १३० ठोक्यांची, त्यातले सायकलवर ८० वापरले, पाण्यात ७५. गणित केलं की सायकलचे ७७ आणि पोहण्याचे ४५ येतात, तुमच्या ॲपने अगदी बरोबर केलंय.

चूक त्या १९० मध्ये आहे. मी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत की हा आकडा पळताना चढावर मिळाला होता. अहो, तो पळण्याचा कमाल आकडा झाला! बहुतेक लोकांची सायकलवरची कमाल नाडी पळण्यापेक्षा साधारण ५ ते १० ठोक्यांनी कमी असते आणि पोहताना १० ते १५ ने, कधीकधी त्याहूनही जास्त. पळताना अंगाचा सगळा भार स्वतःच्या पायांवर आणि जास्त स्नायू कामाला लागलेले, सायकलवर बूड सीटवर टेकलेलं. पाण्यात तर तुम्ही आडवे असता, रक्ताला पायांकडून वर चढून यावं लागत नाही, शिवाय पाण्याचा दाब ते आणखी छातीकडे ढकलतो, त्यामुळे हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकतं आणि तेवढंच काम कमी ठोक्यांत उरकतं. त्यात तोंड पाण्याखाली गेलं की नाडी मंदावण्याची शरीराची एक जुनी सवय आहे, आणि पाणी अंग गार ठेवतं ते वेगळंच. थोडक्यात, पाण्यातले १३५ आणि रस्त्यावरचे १३५ हे एकच नाहीत.

तुम्ही नंतर दोन्हीकडे वेगळी टेस्ट करून सायकलचे १८२ आणि पोहण्याचे १७७ कळवलेत, ते घालून परत हिशोब केला. सायकल ७७ वरून ८९ वर गेली, पोहणं ४५ वरून ५६ वर. म्हणाल, फरक तर तसाच राहिला की! पण मिनिटाच्या भावाने बघा. आधी सायकलचं एक मिनिट १.२८ ला पडत होतं आणि पोहण्याचं १.१२ ला, आता १.४८ आणि १.४०, म्हणजे जवळपास बरोबरी. उरलेला फरक निव्वळ वीस मिनिटं जास्त सायकल चालवल्याचा.

आणि तरीही पोहल्यावर जास्त दमायला होतं ते का, तर खांदे आणि दंड लहान स्नायू आहेत, पायांइतकी त्यांना सवय नसते, आणि (हे स्पष्टच लिहितो, तुमचा व्हिडिओ पाहिलाय) पाय खाली बुडत असतील तर तुम्ही पाण्याशी कुस्ती खेळत असता. दंड भरून येतात, श्वास अडतो, आणि हृदयाला मात्र तेवढं काम पडतच नाही. नाडी हृदयाचं काम मोजते, दंडाचं नाही. तेव्हा प्रत्येक खेळाचा कमाल आकडा वेगळा भरा, बहुतेक ॲपमध्ये सोय असते, सेटिंगमध्ये खोल कुठेतरी दडलेली असते एवढंच.

प्रश्न : कमाल नाडी २२० वजा वय अशी धरली तर चालेल ना?

लोडच्या हिशोबाला नको. ते सूत्र १९७१ च्या सुमाराचं, वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे एका कागदावर मांडून त्यातून ओढलेली ती ढोबळ रेघ आहे. २००१ मध्ये तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सुधारित सूत्र दिलं, ते वय वाढलेल्यांसाठी जरा बरं आहे, पण दोन्ही सूत्रं सरासरी माणसाची. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी रोजचा आहे, आणि वर बघितलंत ना, आठ ठोक्यांनी ७७ चे ८९ होतात.

त्यापेक्षा टेस्ट करा. पळताना चांगला वॉर्मअप करून दोन-तीन मिनिटांच्या चढाच्या तीन-चार फेऱ्या, शेवटची जीव तोडून. पोहण्यासाठी १०० मीटरचे पाच-सहा तुकडे, मधे थोडीच विश्रांती, शेवटचा जेवढा जाईल तेवढा जोरात, आणि भिंतीला हात लागताच गळ्याला बोटं लावून १० सेकंद मोजायचं आणि ६ ने गुणायचं. मी स्वतः असंच करायचो आणि यात एक गंमत आहे, मोजताना एक ठोका इकडचा तिकडे झाला की उत्तर ६ ने बदलतं! त्यामुळे दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करा आणि सगळ्यात मोठा पण विश्वास बसेल असा आकडा घ्या. छातीत दुखणं, चक्कर, घरात हृदयाचा आजार, किंवा बरीच वर्षं व्यायामच नाही असं काही असेल तर ही टेस्ट डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायची नाही.

कमाल टेस्ट नको वाटत असेल तर ३० मिनिटं एकसारखा जास्तीत जास्त निभेल असा वेग धरा आणि शेवटच्या २० मिनिटांची सरासरी नाडी घ्या, हा तुमचा थ्रेशोल्डचा अंदाज, म्हणजे जिच्यावर गेलं की लॅक्टेट झपाट्याने साठायला लागतं ती नाडी. काही ॲप यावरच चालतात, थ्रेशोल्डला एक तास म्हणजे १०० पॉइंट असा त्यांचा भाव. हीसुद्धा प्रत्येक खेळाची वेगळी काढायची, आणि हीसुद्धा काही आरामाची टेस्ट नाही, सांगून ठेवतो.

प्रश्न : जिममध्ये तासभर स्क्वॉट आणि डेडलिफ्ट केले, दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना, आणि लोड किती तर १८. घड्याळ बिघडलंय का?

घड्याळ ठणठणीत आहे, तुम्ही त्याला भलताच प्रश्न विचारलाय. वजन उचलताना नाडी चढते खरी पण ती चढते श्वास रोखल्यामुळे, स्नायू आवळून रक्तवाहिन्या दाबल्या गेल्यामुळे, रक्तदाब वर गेल्यामुळे. ऑक्सिजन मात्र त्या प्रमाणात वापरला जात नाही. सेट वीस-तीस सेकंदांचा, नाडी वर पोचते न पोचते तोच तुम्ही बार खाली ठेवून दोन मिनिटं बेंचवर बसता, की सरासरी ११० च्या आसपास. आणि स्नायूंची जी खरी तोडफोड होते, विशेषतः वजन खाली आणताना, ती नाडीत कुठेच दिसत नाही.

इथे घड्याळ बाजूला ठेवायचं. कार्ल फॉस्टर या व्यायामशास्त्राच्या संशोधकांची एक पद्धत आहे, इतकी सोपी की लोकांना ती शास्त्रीयच वाटत नाही. व्यायाम संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचं, एकूण किती जड गेलं, ० ते १० मध्ये, आणि त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. तासाभराचं जिम ७ वाटलं तर ४२०. लगेच विचारायचं नाही कारण शेवटचा सेट डोक्यात बसलेला असतो, त्यावरूनच आकडा ठरतो. ही पद्धत जिम, पोहणं, फुटबॉल, सगळीकडे चालते, मला विचाराल तर चार खेळ एका वहीत लिहायचे असतील तर यापेक्षा सरळ मार्ग नाही. फक्त स्वतःशी खरं बोलायचं. मित्र शेजारी उभा असला की ८ चे ५ होतात, बघितलंय मी.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको बरोबरच पळतो, एकच वेग, दोघांची नाडीही जवळपास सारखीच. हिचा लोड माझ्यापेक्षा नेहमी जास्त. ही म्हणते मी जास्त मेहनत घेते.

वहिनींचं म्हणणं खोडून काढायची माझी हिंमत नाही, पण कारण बहुतेक सूत्रात आहे. बॅनिस्टरच्या सूत्रातला तो उसळी मारणारा गुणक पुरुषांसाठी आणि बायकांसाठी वेगळा आहे, पुरुषांना ०.६४ आणि १.९२ हे आकडे, बायकांना ०.८६ आणि १.६७. ४५ मिनिटं, विश्रांतीची ६०, कमाल १९०, सरासरी १५०, हे सगळं दोघांना सारखंच धरलं तर तुमचे ७५ येतील आणि त्यांचे ८५. दोघांची तुलना यावरून करू नका, प्रत्येकाने आपल्याच मागच्या महिन्याशी करायची. आणि दोघांची ॲप वेगवेगळी असतील तर विषयच संपला, एकेका ॲपचं माप वेगळं असतं.

प्रश्न : बॅडमिंटन खेळतो. तासाची सरासरी १४० येते, निवांत पळण्याचीही १४०. मग लोड सारखाच का?

सारखा नाही, सरासरीवरून काढला तर सारखा दिसतो. एक उदाहरण बघा, तेच ६० आणि १९० धरून. ४० मिनिटं एकसारखं १५० वर पळालात तर ६७ येतात. २० मिनिटं १७५ वर आणि २० मिनिटं १२५ वर, सरासरी तीच १५०, पण तुकडे वेगळे मोजून बेरीज केली की ७९. बारा पॉइंट सरासरीने गिळले. म्हणून ॲप सेकंदा-सेकंदाला मोजतंय की नुसती सरासरी घेतंय ते बघा.

झोनवाली पद्धत आहे, सॅली एडवर्ड्स यांची १९९३ ची, त्यात कमाल नाडीचे ५० टक्क्यांपासून वर दहा-दहा टक्क्यांचे पाच झोन करून मिनिटांना १ ते ५ ने गुणतात. हातानेही करता येते, वहीवाल्यांसाठी उत्तम. पण तिला पायऱ्या आहेत, १९० कमाल असेल तर १५१ ला ३ ने गुणायचं आणि १५३ ला ४ ने, दोन ठोक्यांत लोड एक तृतीयांशाने वाढला! शरीराला असली काही पायरी माहीत नसते.

बॅडमिंटनची आणखी एक अडचण आहे. नाडी मागून येते. तुम्ही दहा सेकंद जीव खाऊन रॅली खेळता, नाडी अजून चढतेच आहे तोवर पॉइंट संपलेला. एकसारख्या व्यायामातसुद्धा ती स्थिरावायला दोन-तीन मिनिटं घेते. मग त्या लंज, उड्या, खचकन थांबून मागे वळणं, यातलं गुडघ्याला आणि पोटरीला काय पडलं ते हार्ट रेटला विचारून कळणारच नाही. इथेही ० ते १० वालं.

प्रश्न : अगदी हळू पळतेय तरी घड्याळ १७५ दाखवतं, घाबरायला होतं.

ताई, आधी पावलं मोजा. मिनिटाला १७५ च्या आसपास पडत असतील तर घड्याळ नाडी सोडून पावलांचे हादरे मोजतंय, मनगटावरच्या प्रकाशाच्या सेन्सरला ही खोड असते. पट्टा घट्ट करा, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवा. लोड मोजायचाच असेल तर छातीचा पट्टा घ्या, तो हृदयाचे विद्युत सिग्नल पकडतो. गळ्याला बोट लावून मोजली तरी खरंच १७५ येत असेल, किंवा धडधड होत असेल, तर मात्र डॉक्टर.

प्रश्न : तोच रस्ता, तोच वेग, पण उन्हाळ्यात लोड वाढलेला येतो. माझा फिटनेस कमी झाला का?

नाही हो. गरमीत रक्त कातडीकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, दर ठोक्याला कमी रक्त जातं म्हणून ठोके वाढतात. लांब पळताना शेवटच्या अर्ध्या तासात वेग न वाढवता नाडी वर सरकते तेही हेच. हृदयाला खरंच जास्त काम पडलं, म्हणून लोड वाढला हे खोटं नाही, फक्त पायांनी जास्त काम केलं असं समजू नका. अपुरी झोप, ताप, टेन्शन, कॉफी यांनीही नाडी हलते.

प्रश्न : बीटा ब्लॉकरची गोळी चालू आहे, ॲप सारखं म्हणतं व्यायाम कमी पडतोय.

त्या गोळ्यांचं कामच नाडी खाली ठेवणं आहे, त्यामुळे ॲपचे झोन तुम्हाला लागू नाहीत. ॲपच्या नादाने जोर वाढवू नका, गोळी तर अजिबात सोडू नका, किती जोर चालेल ते डॉक्टरांनाच विचारा. बोलता बोलता चालता येतंय का, हे तुमच्यासाठी जास्त खरं माप.

प्रश्न : ॲपमधला फिटनेसचा एकूण आकडा सगळे खेळ मिळून बनतो. माझा सायकलमुळे खूप वर आहे. आता हाफ मॅरेथॉनचा लांब रन सुरू करू का?

हा प्रश्न वाचून माझी नडगी दुखायला लागली. सांगतो.

तो फिटनेसचा आकडा म्हणजे साधारण गेल्या ४२ दिवसांच्या लोडची सरासरी, अलीकडच्या दिवसांना जास्त वजन देऊन काढलेली, आणि त्याच्याशेजारी ७ दिवसांची असते ती थकव्याची. मुळात ही कल्पनाही बॅनिस्टरचीच, की प्रत्येक व्यायाम दोन गोष्टी मागे ठेवतो, एक हळू ओसरणारी ताकद आणि एक लवकर ओसरणारा थकवा. कल्पना सुंदर आहे. पण ॲप त्यात सायकलचे ८९ आणि पळण्याचे ७५ एकाच डब्यात ओततं.

मी पाच महिने जवळजवळ नुसती सायकल चालवली होती, आकडा आयुष्यात कधी नव्हता एवढा वर गेलेला, आणि एका सकाळी थेट १८ किलोमीटर पळून आलो. श्वास मस्त, नाडी १४८, घड्याळाने शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी दोन्ही नडग्यांची आतली कड अशी दुखत होती की जिना आडवा होऊन, कठड्याला धरून उतरत होतो, आणि पुढचे सहा आठवडे पळणं बंद. हृदय तयार होतं, हाडं तयार नव्हती. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीवरून वजनाच्या दोन ते तीन पट जोर परत येतो, सायकलवर हा मार नसतोच. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत जमवून घेतात, हाडांना आणि स्नायूबंधांना महिने लागतात.

म्हणून दोन वह्या ठेवा. एकीत सगळ्या खेळांचा मिळून लोड, तो झोप, थकवा, सुट्टी कधी घ्यायची हे बघायला. दुसरीत फक्त पळण्याचे किलोमीटर किंवा मिनिटं, लांब रन किती वाढवायचा ते हिच्यावरून ठरवायचं. तुम्ही लिहिलंय की सध्या आठवड्याला दोनदा ५ किलोमीटर पळता, तर पुढचा लांब रन ६ किंवा ७ चा, सायकलचा आकडा कितीही असो. दमछाक होणार नाही, कंटाळा येईल, अजून दहा पळावंसं वाटेल. तिथे थांबायचं, आणि फारच खाज असेल तर घरी येऊन सायकल काढायची.